सुई खाली, नाक वर

लग्न होऊन अर्जुनी मोरगावला आले तेव्हा माझ्यासोबत माहेरची झिगझॅग मशीन होती आणि डोक्यात मशीनपेक्षा जड घमेंड होती. आठवलं तरी त्या पोरीला, म्हणजे तेव्हाच्या मला, एक ठेवून द्यावीशी वाटते. येत होतं जेमतेम सरळ शिवायला, पण टाका बदलायचं बटन फिरवताना मान अशी ताठ, जशी रेल्वेच चालवून राहिली.

शेजारच्या काकूंनी लेकीच्या लग्नाचा शालू फॉल-पिकोला आणला. हळद दुसऱ्याच दिवशी होती. माझं पहिलं गिऱ्हाईक, म्हणून मी बाईसाहेब मशीन घेऊन अंगणात सगळ्यांसमोर बसले. सरळ टाक्याने फॉल लावला आणि सुई कापडात रुतलेली असतानाच बटन झिगझॅगवर फिरवायला घेतलं.

"आंधी सुई वर घे ना वं," सासूबाई म्हणाल्या.

"कायले मधे बोलून राहिल्या आई? ही नवी मशीन हाये."

सुई कटकन मोडली आणि शालूचा काठ बोटभर फाटला. त्यावर ही शहाणी काय म्हणाली, तर "काकू, तुमचा कपडाच कच्चा हाये."

काकूंनी शालू घडी केला. "कपडा कच्चा, अन् तू लय पक्की," म्हणाल्या आणि तशाच गोंदियाच्या बसमध्ये बसल्या. मग सारा मोहल्लाच पिकोला गोंदियाला जाऊ लागला. मी मात्र मशीनवर चादर टाकून कपड्यालाच नावं ठेवत राहिले. असल्या गाढवीला आज मी माझ्या मशीनला तेलसुद्धा घालू देणार नाही.