मास्तरांचं लॉज

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. लग्नाच्या पंगतीत यजमानाने जिलबी कशी झालीय विचारलं, तर म्हणत, "तेल जुनं आहे." किहीमच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. पुढे मी गावातच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. पहिल्याच दिवशी येऊन ते पाटीवरच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवून गेले.

त्यांची मुलगी मंजू पस्तिशीची, पण समज सहा वर्षांच्या मुलीएवढी. आई गेल्यावर तिची वेणीसुद्धा मास्तरच घालत. ती रोज वाकडी यायची. "हे गणित मला सुटत नाही," म्हणत आणि पुन्हा सोडून घालायला बसत.

मग अलिबागच्या डॉक्टरांनी त्यांच्या पोटातली गाठ दाखवली, फार दिवस नाहीत हेही सांगितलं. मंजूला कोण बघणार? मास्तरांच्या पुण्यातल्या भावाने फ्लॅट लहान असल्याचं कळवलं. त्यानंतर मास्तर दुकानात आले ते फ्रीमेसन लोकांची, म्हणजे एकमेकांना बंधू मानणाऱ्या त्या जुन्या गुप्त मंडळाची, माहिती काढायला.

कारण शेजारच्या बंगल्यातलं होतं. तिथले पारशी शेठ फ्रीमेसन होते. ते वारले तेव्हा मुंबईहून त्यांचे हे बंधू लाँचने आले, आणि पुढे दरवर्षी येत राहिले. कौलं बदलून दिली, शेठच्या म्हाताऱ्या बायकोला शेवटपर्यंत दवाखान्यात नेलं-आणलं. गाव त्यांच्या लॉजबद्दल, म्हणजे सभेच्या जागेबद्दल, म्हणायचं, "तिथं भुतं बोलवतात, दुसरं काय न्हाय." मास्तर म्हणाले, "बोलवू देत. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना विसरत नाहीत ना?"

मला न सांगता ते आधी अलिबागला जाऊन आले होते. रिक्षावाल्याला लॉजवर ने म्हणाले, तर त्याने एसटी स्टँडामागच्या राहायच्या लॉजवर सोडलं. मॅनेजरने सिंगल की डबल विचारलं. हे सांगताना ते हसले, पण हात पोटावर दाबून.

मी फोनवर शोधलं. आम्हाला जवळची सभा मुंबईतलीच होती. नियम वाचून दाखवले, अर्ज भरला. काही आठवड्यांनी भेटायला बोलावलं, तेव्हा मंजूला माझ्या सासूबाईंकडे ठेवून आम्ही मांडव्याहून लाँचने मुंबईला निघालो. वाटेत मी त्यांना पढवलं, मंजूचं नाव काढू नका, बंधुभाव आणि समाजसेवा एवढंच बोला. त्यांनी मान हलवली.

मी बाहेर बाकावर बसले. अर्ध्या तासाने एक वयस्कर गृहस्थ त्यांना हाताला धरून जिन्यापर्यंत सोडायला आले. ते खाली उतरेपर्यंत गृहस्थ तिथेच उभे होते.

"देव मानता का, विचारलं. मानतो म्हणालो," मास्तर म्हणाले. "मग विचारलं, का यायचंय? मुलीसाठी, म्हणालो."

तिथे येणाऱ्याला स्वतःच्या लाभासाठी येत नाही असं लिहून द्यावं लागतं. ते मास्तरांना लिहिता आलं नाही. त्या लोकांनी हात जोडून नकार दिला होता.

परतीच्या लाँचवर पर्यटक सीगल पक्ष्यांना वेफर्स टाकत होते. मास्तर फाइल छातीशी धरून बसले होते. मग म्हणाले, "सुमे, आता कोणाला विचारू गं?"

तो प्रश्न मलाच होता, आणि ते मला कळलं होतं. आमच्या दोन खोल्या, सासूबाईंचं दुखणं, नवऱ्याचा स्वभाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, "बघू, निघेल काहीतरी मार्ग." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दोन महिन्यांत मास्तर गेले. भावाने मंजूला पनवेलकडच्या एका संस्थेत ठेवलं. मी महिन्यातून एकदा जाते. परवा निघताना तिने माझी ओढणी धरली आणि हळूच विचारलं, "मी पण येऊ?"

मी एसटीत बसून घरी आले. नवऱ्याने दार उघडलं. चप्पल काढायच्या आधीच मी मंजूला घरी आणायचा विषय काढला.

"दोनच खोल्या आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे," म्हटलं, आणि दारातच उभी राहिले.