कृपया चर्चा

साऱ्या दिल्लीत सरळ वाक्यावर विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला: आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधले, आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. इंग्रजी पेपरातली क्रिप्टिक शब्दकोडी, म्हणजे ज्यातला प्रत्येक क्लू बोलतो एक आणि अर्थ निघतो भलताच, ती तीस वर्षं सोडवून त्यांची खात्रीच झाली होती, की कुठलंही वाक्य दिसतं तसं नसतंच. काकूंनी "भाजी संपली हो" म्हटलं, की हे पिशवी उचलायची सोडून "यात काहीतरी गोम आहे" म्हणत विचारात पडायचे. हातात कोडं असलं, की मेट्रोचं स्टेशन हमखास चुकायचं. एकदा आम्ही पानिपतला चादरी घ्यायला गेलो, तर काकू भाव करत असतानाच हे कोपऱ्यातल्या स्टुलावरून ओरडले, "मिल गया!" दुकानदाराला वाटलं, साहेबांना माल पसंत पडला. त्यानं "बिल्कुल सर!" म्हणत सहा चादरी बांधल्यासुद्धा. "झालं! पुन्हा पानिपत झालं आमचं," काकू म्हणाल्या. त्यातली एक जांभळी चादर अजून माझ्याकडे आहे.

काकांचा जन्म सरकारी फायलींत गेलेला, त्यामुळे कोड्याचीही फाइलच व्हायची. सुटलेल्या क्लूपुढे छोटीशी सही, आणि रोज न सुटणाऱ्या एका क्लूपुढे शेरा: 'कृपया चर्चा'. मग सकाळी सातला माझी बेल वाजायची. "चल गं वर, सतरा उभा अडलाय. चहा टाकलाय." मी सरकारी नोकरीसाठी नुकती पुण्याहून एकटी आलेली, इथे ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. मला उत्तर आलं, की काका टाळीसाठी हात पुढे करायचे, "वा! मला तर जन्मात सुचलं नसतं!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

काका निवृत्त झाले. क्वार्टर सोडायच्या दिवशी सामान बांधताना मी रडवेली होऊन म्हटलं, "आता तुमचे अडलेले क्लू कोण सोडवणार, काका?" ते सुतळी शोधायच्या निमित्तानं आत निघून गेले. काकू हसल्या. "अगं वेडे, ते त्यांना आंघोळीच्या आधीच सुटलेले असायचे. तू एकटी होतीस ना." मला इतकं भरून आलं, की मी तिथेच एका खोक्यावर बसून घेतलं.

काका आता नाशिकला असतात. मागच्या वर्षी काकू गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. रोज सकाळी सातला मी फोन लावते. "काका, सतरा उभा अडलाय हो."

"अच्छा? थांब, चष्मा घेतो. हं, वाच बघू."

माझ्या पुढ्यातल्या कोड्याची सगळी घरं भरलेली असतात. पण सरळ वाक्यावर कधी विश्वास न ठेवणारा तो माणूस माझ्या या एका वाक्यात काही म्हणता काही गोम शोधत नाही.