दादीजींच्या खोलीतले निळे दिवे

नवा बोर्ड बसवला की वायरमनला मिरवायची खाज सुटते. नंदुरबारच्या एका मारवाडी शेठच्या बंगल्यात मी पहिल्यांदाच मोबाइलवर चालणारे टच स्विच बसवले आणि प्रत्येक स्विचवरचा निळा दिवा फुल्ल ठेवला. दिसू दे की लोकांना!

आठव्या दिवशी शेठाणीचा रडत फोन. "भाऊ, आमच्या सासूबाई धानोऱ्याच्या जुन्या घरी निघाल्या. एकटीच राहते म्हणतात. तुमचे दिवे नडले!"

माझं डोकंच फिरलं. माझ्या गावाहून, रनाळ्याहून मोटारसायकल हाणत गेलो. पाहतो तर ऐंशीच्या घरातल्या सासूबाई, म्हणजे घरच्यांच्या दादीजी, दुखरे गुडघे धरून जिन्यात बसलेल्या. रोज संध्याकाळी त्या सामायिक करतात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून ध्यान. तेवढ्या वेळात अंगावर विजेचा उजेड पडू द्यायचा नाही, हा त्यांचा जैन नेम. आणि मी त्यांच्या खोलीत सहा दिवे लावून ठेवलेले. बटण बंद केलं की मेले जास्तच चमकायचे. माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज वाटली.

घाईघाईत काळी टेप चिकटवली. स्विच टच घेईना आणि कडेनं उजेड झिरपतच राहिला. दादीजी म्हणाल्या, "भाऊ, टेप मन्हा डोयासले लाव, ते सोपं पडी." टेप त्यांच्याच डोळ्यांवर! शेठाणीला हसू फुटलं, मला घाम.

मग शेठाणीचा मोबाइल घेतला आणि ॲप उचकत बसलो. सेटिंगच्या पार तळाशी त्या दिव्यांची चमक कमीजास्त करायची पट्टी सापडली. शंभरावर! कुणी नेली होती? या शहाण्यानंच. खाली ओढली. साठ, तीस, दहा.

"आजून दिखी ऱ्हायनं," दादीजी दारातून म्हणाल्या.

शून्यावर सहाही विझले. स्विच मात्र चालत होते. दादीजी संध्याकाळच्या सामायिकाला आत गेल्या आणि दार लोटलं. शेठाणी आणि मी बाहेर बसलो. समोरचा चहा निवून गेला. आता उठतील आणि पुन्हा जाण्याचंच काढतील, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

दार उघडलं. दादीजींनी सुनेकडे पाहिलं.

"धानोराना घरनी चावी शेजारणीले दी दे. तिना पोऱ्यानं लगीन शे, पाव्हणा उतरतीन तठे."

म्हणजे जाणं रद्द! शेठाणीनं झटकन चावी काढली.

"आणा इकडे," मी म्हणालो, "आत्ताच देऊन येतो."