वाळूतली खोटी वाडी

वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली. उन्हाळ्यात मधल्या वाळूवर बायनाबाई टरबुजाची वाडी करते. नवरा गेल्यापासून एकटीच. यंदा वाडीच्या पुढं, उघड्या वाळूत, पिवळ्या चोचीच्या सुरयीनं अंडी घातली. ना काडी, ना गवत, नुसता खळगा. बायनाबाईचा पाय त्यावर पडता पडता राहिला, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला. गावची कुत्री, कावळे, वाळू भरायला येणारे ट्रॅक्टर. शेवटी ती छत्री उघडून खळग्याजवळच राखणीला बसली.

शेजारच्या वाडीचा खुशालभाऊ जाता जाता थांबला. "काऊन वो बाई, आता तूच उबवून राह्यली का अंडे?"

ती हसली, आणि मग तिनं वर पाहिलं. सुरय केव्हाची डोक्यावर ओरडत फिरत होती. वाळू तळपायाला चटके देत होती आणि अंडी उघडी होती. बायनाबाई तडक उठून काठच्या जांभळाखाली गेली. तिथून पक्षी खाली उतरताना तेवढा दिसला. अंडी वाचली की उन्हानं गेली, कोण सांगणार?

उन्हं कलली तसा ट्रॅक्टर घाट उतरू लागला. ती धावत जाऊन पुढ्यात उभी राहिली. पाखराचं सांगितलं तर ड्रायव्हर हसला असता. पिकावरून चाक घालायला मात्र माणूस कचरतो.

"तिकडून नको नेऊ, बापू. तिथी मी आळी केली, बी लावलं हाये."

"काहीच तर दिसत नाई, बाई."

"आजच लावलं."

तो जुन्या वाटेनं वळला. उद्या येऊन पाहतो, म्हणाला.

दिवेलागणीला बुद्धाच्या मूर्तीपुढं पंचशील म्हणताना तिची जीभ खोट्यापाशी अडखळली. जीव न घेण्याचं पहिलं शील पाळायला तिनं चौथं मोडलं होतं. तिनं ते पुन्हा म्हटलं, तरी बरं वाटेना.

सकाळी, ऊन चढायच्या आत, ती शेणखताची टोपली घेऊन निघाली. ट्रॅक्टरच्या वाटेकडून एकेक आळं करत, बी टोचत, खळग्याच्या दिशेनं सरकू लागली. दर आळ्याला मान वर करून बघायची. एका आळ्याशी सुरय अर्धवट उठली. बायनाबाई जागीच थिजली, मग आल्या पावली मागं सरली. पक्षी परत बसला.

खळग्याभोवतीची वाळू कोरीच राहिली. एवढी आळी ड्रायव्हरला पटायला पुरतील का, याचा विचार करत ती उभी होती, तोच घाटावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. रिकामी टोपली कमरेला लावून ती त्याच्या वाटेकडं चालू लागली.