नंबरापुढचं पीपी

आमच्या घरी फोन नव्हता, पण फोन नंबर होता. माझ्या कॉलेजच्या अर्जापासून मामाच्या डायरीपर्यंत सगळीकडं तो एकाच पद्धतीनं लिहिलेला असायचा: आधी आकडे, पुढं पीपी. पीपी म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, ते बोलावून देतात. नव्वदच्या दशकात निम्म्या मंगळवार पेठेचे नंबर असेच होते. त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

आमचे पीपी म्हणजे समोरच्या काकू. काकांचं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान, त्यामुळं त्यांच्याकडं फोन लवकर आला. आमचा अर्ज वेटिंगवर पडून होता. बाबा गेल्यावर आई घरी शिवणकाम करायची. आमचा फोन आला की काकू दारात उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "फोन हाय तुमचा, परत." त्या 'परत'मध्ये सगळं यायचं. आई शिलाईचं काम तसंच टाकून धावायची आणि त्यांच्या उंबऱ्याशी उभी राहून बोलायची. बसा म्हणून त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. फोनशेजारी खुर्ची होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे.

मी इचलकरंजीला कापडाचं शिकले आणि त्यातलंच पुढचं शिकायला मला इंग्लंडची स्कॉलरशिप मिळाली. काकूंचा मुलगा तेव्हा शाळेत होता. आमच्या गल्लीतून परदेशी पहिलं कोण जाणार हे त्यांनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. मी मध्येच कडमडले. पेढे द्यायला गेले तर त्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच फ्रिजमध्ये ठेवला. मी पोचले की आईला निरोप मात्र देईन म्हणाल्या.

तिथं हॉस्टेलच्या बोळात नाणी टाकायचा एक फोन होता. त्यावरून बाहेर बोलता यायचं, पण बाहेरून कुणाला करता यायचं नाही. मला हवा होता माझा स्वतःचा नंबर. तो मिळाला की आईनं आमच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायचं, दोन रिंगा वाजू द्यायच्या आणि ठेवायचा. मीटर पडायच्या आत. मग मी तिला बूथवर फोन करायचा. त्या उंबऱ्याशी तिनं पुन्हा उभं राहायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अभ्यास, थंडी, बेचव जेवण, सगळं त्यानंतर.

म्हणून एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या दुकानात गेले. टाय लावलेल्या पोरानं फॉर्म दिला. घरचा फोन नंबर विचारला होता. हाताला वळणच ते, मी आकडे लिहिले आणि पुढं ठळक अक्षरात पीपी लिहून मोकळी झाले. त्यानं विचारलं, हे काय? मी समजावून सांगितलं, की फोन समोरच्यांचा आहे, ते आईला हाक मारतात. मग हा नंबर तुमचा नाही? नाही. आईचा? नाही. मग हे लोक तुमचे कोण?

आता याला काय सांगणार? काकू म्हणतो, पण कुणी नाहीत. मी म्हटलं, आंटी. रक्ताच्या? नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली. मग बँकेचं खातं विचारलं, ते अजून उघडलं नव्हतं. माझ्या नावाचं बिल विचारलं, तेही नव्हतं. त्यानं अगदी गोड हसून फॉर्म परत दिला. मला राग त्याचा आला नाही, काकूंचा आला. सातासमुद्रापलीकडं येऊनसुद्धा मी त्यांच्याच उंबऱ्याला अडखळले होते.

शेवटी हॉस्टेलच्या मागं एका पंजाबी माणसाचं किराणा दुकान सापडलं. ब्रेड, मसाले, फोनकार्डं आणि एका बरणीत प्रीपेड सिमकार्डं. त्यानं ना पासपोर्ट पाहिला, ना बिल मागितलं. जुना हँडसेटही त्यानंच दिला. दुकानाबाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यात उभी राहून मी माझा नंबर पाढ्यासारखा पाठ केला. इतकी मोठी झाले होते, पण पीपी नसलेला नंबर आयुष्यात पहिल्यांदा माझा झाला होता.

आता तो आईला सांगायचा कसा? काकूंच्याच फोनवर.

काकू म्हणाल्या, "न्हाईत त्या घरात. देवळात गेल्यात." मी नंबर सांगितला. त्यांनी एकेक आकडा पुन्हा म्हणून दाखवला, आईला देते म्हणाल्या. मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. लायब्ररीत वहीवर ठेवायचे, आंघोळीला जाताना शेजारणीकडं द्यायचे. वाजला नाही. पुन्हा फोन केला. आई देवळात. पुढच्या रविवारी पुन्हा. देवळात. माझी आई नवरात्रात एकदा अंबाबाईला जाऊन येणारी बाई. मी गेल्यावर तिला एवढी भक्ती कुठून सुचली, मला कळेना. माझ्या काळजीनंच जात असेल असं वाटून मी एकदा रडलेसुद्धा.

चौथ्यांदा फोन केला तेव्हा तिथं संध्याकाळ असणार. काकूंनी तेच वाक्य म्हटलं आणि त्याच वेळी त्यांच्या उघड्या दारातून मला मागचा आवाज आला. मेथीची जुडी किती बारकी हाय, असं कुणीतरी भाजीवालीला सुनावत होतं. तो आवाज मी हजार बायकांत ओळखला असता.

मी म्हटलं, "काकू, आई दारातच हाय की. ऐकू येतंय मला."

त्या म्हणाल्या, "लायनीत कायतरी घोळ हाय," आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कार्ड संपेपर्यंत लावत राहिले. एवढा राग मला त्याआधी कुणाचा आला नव्हता आणि त्यानंतरही आलेला नाही. मेथीच्या जुडीपाशी आई उभी होती आणि माझी हाक तिच्यापासून एका बोळाच्या रुंदीवर अडवून धरली होती. याची भरपाई मी घेणार, असं मी त्या परक्या खोलीत मोठ्यानं म्हटलं. मराठीतच.

नंबर पोस्टानं पाठवला. बरेच दिवस गेले आणि एका सकाळी दोन रिंगा वाजून बंद झाल्या. मी बूथवर फोन केला. आईचं पहिलं वाक्य होतं, "इसरलीस व्हय ग मला?" काकूंनी तिला सांगितलं होतं, पोरगी तिकडं रमली, फोन न्हाय काय न्हाय. रोज संध्याकाळी आई दारात बसायची, समोरून हाक येईल म्हणून. मी तिला सगळं सांगितलं, ते देवळाचं वाक्य शब्दाला शब्द. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, जाऊ दे.

पुढं वर्षानुवर्षं ती जाऊ देच म्हणत राहिली. संक्रांतीला काकूंना तिळगूळही द्यायची. मला ते बघवायचं नाही. मला परगावी नोकरी लागली, आईला मी मोबाईल घेऊन दिला, तरी माझं मन निवलं नव्हतं.

आणि मग काकूंचा मुलगा इंग्लंडला निघाला. त्याच वेळी गल्लीत रस्ता खोदला, केबल तुटली आणि काकूंचा फोन मुका झाला. काकांचा मोबाईल दिवसभर काकांच्या खिशात, शाहूपुरीत. मुलानं मला विचारलं, तिकडं सिमकार्डाच्या फॉर्मवर घरचा नंबर कुठला लिहू? मी म्हटलं, माझ्या आईचा लिही आणि पुढं पीपी लिहायला विसरू नकोस, ठळक लिही. बँकेचं खातं आधी उघड, हे सांगायचं मी टाळलं. फिरू दे की जरा. मला मनापासून बरं वाटलं.

आता आम्ही काकूंचे पीपी झालो. रविवारी दुपारी त्या आमच्याकडं येऊन बसायच्या. आई त्यांना खुर्ची द्यायची, चहा करायची, आणि मी फोनवरून तिच्यावर चिडायचे.

एकदा मी सुट्टीवर घरी होते. काकू आलेल्या, हातात बशी. फोन वाजला. परदेशातला, मुलाचाच असणार. काकूंनी बशी खाली ठेवून हात पुढं केला. आईनं फोन उचलला, कानाला लावला आणि काकूंच्या तोंडाकडं बघत सावकाश म्हणाली, "न्हाईत त्या घरात. देवळात गेल्यात."

आणि बंद केला.

काकूंचा हात तसाच राहिला. त्या माझ्याकडं वळल्या, तिथं त्यांना काही मिळालं नाही. आईनं फोन दोघींच्या मध्ये स्टुलावर ठेवला, शिलाईचं कापड मांडीवर ओढून घेतलं आणि सुईत दोरा ओवायला लागली.

"करंल की परत," ती म्हणाली. "माझीबी करत हुती."

काकूंनी हात मागं घेतला. मग आम्ही तिघीही त्या फोनकडं बघत बसलो.