मामांची स्पॅनिश दुखणी

माझ्या मामांइतका ठणठणीत माणूस अख्ख्या कामरगावात नव्हता, आणि त्यांच्याइतका आजारी माणूस स्पॅनिश भाषेत झाला नसेल.

याला कारण गावच. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की गाव भेटायला येतं, चहा घेतं, आणि अशाच दुखण्यानं कोण कोण गेलं ते नावानिशी सांगतं. मामा एकदा नुसते शिंकत होते, तर संध्याकाळपर्यंत ओसरीवर अकरा जण जमले. त्यातल्या एकानं जाताना मामीला धीरही दिला. तेव्हापासून मामांनी मराठीत आजारी पडणं सोडलं. अंगात ताप असला तरी "एकदम बेस हाये" म्हणायचे.

पुढे त्यांच्या मुलीनं स्पेनमधल्या मुलाशी लग्न केलं आणि मामांना विहीण मिळाली. दर रविवारी व्हिडिओ कॉल. मामांनी मोबाइलवरून स्पॅनिश शिकायला घेतलं. रंग, फळं, नातीगोती भराभर ओलांडून ते 'डॉक्टरकडे' या धड्यावर पोचले आणि तिथंच मुक्काम केला. "मे सिएन्तो माल," म्हणजे मला बरं वाटत नाही, अशी त्यांची सुरुवात असे. मग गुडघा, दाढ, कंबर. विहीणबाईही तोडीस तोड. त्यांचं पित्त मामांना तोंडपाठ होतं. अर्धा तास दोघं आनंदानं कण्हत. मामी भाजी निवडता निवडता विचारायची, "काय सांगून राह्यले तिले एवढं?"

"पाऊसपानी," मामा म्हणायचे.

वाक्यं आणि त्यांचे अर्थ त्यांच्या वहीत होते. ती वही त्यांनी मला एकट्याला दाखवली होती. "मामीले सांगू नको. गाव गोळा होईन."

एका रविवारी त्यांनी छातीवर हात ठेवून नवीनच वाक्य म्हटलं. मी वहीत पाहिलं, वाक्य बिनचूक होतं, म्हणून मान डोलावली. विहीणबाई मात्र हसायच्या थांबल्या. पुन्हा पुन्हा काही विचारत राहिल्या. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मामा, खरंच दुखून राह्यलं का?"

"अबे, धडा पुढं सरकला."

संध्याकाळी मुलीचा काळजीनं फोन आला. तिच्याशी मामा मराठीत बोलले, म्हणजे अर्थातच बेस होते. मीही पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी गाव आलं, आणि चहा न घेता गेलं.

त्यानंतरच्या रविवारी नेहमीच्या वेळी फोन वाजला. मामीनं तो माझ्या हातात दिला. समोर विहीणबाई होत्या. मी वही उघडली आणि पहिल्या पानावरचं वाक्य सावकाश वाचलं. "मे सिएन्तो माल."

"यो ताम्बिएन," त्या म्हणाल्या.

तेही वहीत होतं. पुढे मामांच्या अक्षरात अर्थ लिहिला होता: मले बी.