आठवीपर्यंतच

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आमच्या नववीच्या वर्गात जागाच जागा होती. एरवी आम्ही एका बाकावर तिघी दाटीवाटीनं बसायचो आणि कोपर लागलं तरी भांडायचो. त्या दिवशी अख्खा बाक माझा एकटीचा होता आणि मला तो नकोसा झाला होता. तेलगावजवळच्या आमच्या गावातून निम्म्या टोळ्या ऊसतोडीला गेल्या होत्या. आमची टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती.

धाकटी बहीण सातवीत होती, तिची सोय होती. ज्यांचे आईबाप उसाला जातात त्या पोरांसाठी शाळेतच हंगामी वसतिगृह चालायचं. म्हणजे मागच्या दोन खोल्या, सतरंज्या आणि दोन वेळचं जेवण. तिथल्या पाणचट आमटीला आम्ही पोरी हजार नावं ठेवायचो, पण त्याच आमटीवर मी शिकले. वसतिगृह आठवीपर्यंतच होतं. नववीतल्या पोरीला भूक लागत नाही, की तिचे आईबाप उसाला जात नाहीत, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

चुलते, मामा सगळे टोळीत. घराला कुलूप लागणार. आईनं वडिलांकडे माझी गोष्ट काढून पाहिली. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वयात आलेली पोरगी कुनाच्या भरवशावर ठेवू?"

मग मीच डोकं चालवलं. मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकांना गाठून म्हणाले, "बाई, मला परत आठवीत बसवा."

त्यांना आधी चेष्टाच वाटली. मी सांगितलं, नववीची पुस्तकं माझी मी वाचीन, फक्त नाव आठवीत असू द्या. बाई मला मुख्याध्यापकांकडे घेऊन गेल्या. बहीण माझ्या मागोमाग येऊन दारात उभी राहिली. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पास झालेल्या पोरीचं नाव संगणकावर पुढे सरकतं, ते मागे आणता येत नाही, म्हणाले. पुस्तकं सोबत ने, असा सल्लाही दिला. हा सल्ला सगळेच देतात. दिवसभर मोळ्या वाहून संध्याकाळी खोपीत चूल पेटवणाऱ्या पोरीनं पुस्तक कधी उघडायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. मला त्यांचा राग आला नाही. आतून सगळं विझल्यासारखं झालं, एवढंच.

मी गेले. पुस्तकं पत्र्याच्या पेटीतून बाहेर निघाली नाहीत. गुढीपाडव्यानंतर परतलो, तोवर परीक्षा आटोपत आली होती. पुन्हा त्या वर्गात जाऊन बसायचं मला बळ राहिलं नाही, आणि बस म्हणून कुणी बोलावलंही नाही.

पुढच्या वर्षी बहीण आठवीत गेली. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. वार्षिक परीक्षेत तिनं प्रत्येक पेपरवर फक्त आपला नंबर लिहिला आणि वेळ संपेपर्यंत बसून राहिली. नापास व्हायचं, आठवीतच राहायचं, म्हणजे वसतिगृह सुटत नाही, असा तिचा हिशेब. घरात तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. निकालाच्या दिवशी वेणीफणी करून खुशीत शाळेत गेली.

परत आली ती उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "अक्का, मी एक बी उत्तर लिवलं न्हाई. तरी पास केलं."

ऊसतोड्याची पोर आहे, कशाला तिचं वर्ष वाया घालवायचं, म्हणून गुरुजींनी दया केली होती. पास झाल्याचं कळल्यावर आईनं साखर वाटली. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा बहीण माझ्या मागोमाग उसाच्या फडात मोळ्या वाहत होती.